नेत्रौषधांची कृती: वर्तीपासून निर्जंतुक थेंबापर्यंत

औषधांच्या इतिहासात कोणते द्रव्य कोणत्या रोगावर प्रथम योजले गेले याची चर्चा विपुल आढळते. ते द्रव्य रोग्याच्या अवयवापर्यंत नेण्याजोगे कसे केले गेले, या प्रश्नाकडे मात्र त्या मानाने कमीच लक्ष गेले आहे. डोळ्याच्या औषधांच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते, कारण पोटात जाणारे चूर्ण थोडे जाडसर राहिले तरी फारसे बिघडत नाही, पण तोच जाडसर कण स्वच्छमंडलावर, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पटलावर, ओरखडा काढतो आणि त्या ओरखड्यातून नवा रोग शिरतो. शिवाय डोळा आपल्या पृष्ठभागावर काहीही फार काळ टिकू देत नाही. अश्रूंचा जो पातळ थर डोळ्यावर नेहमी असतो तो जेमतेम सात मायक्रोलिटर, म्हणजे लिटरच्या दहा लाख भागांतील सात भाग भरतो. पापणीच्या आतील खोबणीत तीसएक मायक्रोलिटरच द्रव मावतो, आणि बाटलीतून पडणारा थेंब बहुधा त्याहून मोठा असल्याने उरलेले औषध गालावर ओघळते किंवा अश्रुमार्गाने नाकात उतरते. असा हा अवयव नाजूक आणि त्यात नकोसे ते लगेच धुऊन काढणारा असल्यामुळे, नेत्रौषधाचे यश द्रव्याच्या गुणाइतकेच, किंबहुना काही वेळा त्याहून अधिक, ते तयार करणाऱ्याच्या हातावर अवलंबून राहिले आहे.

भारतीय वैद्यकाने ही गोष्ट फार लवकर ओळखली होती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शहात्तर नेत्ररोग गणले आहेत, आणि त्यांच्या वर्णनानंतर ‘क्रियाकल्प’ नावाचा एक स्वतंत्र अध्याय केवळ औषध डोळ्यात कसे घालावे आणि त्यासाठी ते कसे सिद्ध करावे यासाठी राखून ठेवलेला आहे. त्यात पाच उपक्रम सांगितले आहेत. तर्पणात उडदाच्या पिठाची पाळ डोळ्याभोवती बांधून तिच्यात पातळ केलेल्या तुपाची निवळ पापणीचे केस बुडेपर्यंत भरतात व ठरावीक मात्रा (काळाचे घटक) मोजून होईपर्यंत ती तशीच ठेवतात. पुटपाकात औषधी कल्काचा गोळा एरंड, कमळ किंवा केळ यांच्या पानांत गुंडाळून, वरून मातीचा लेप देऊन निखाऱ्यात भाजतात आणि मग पिळून निघालेला रस डोळ्यात घालतात. सेक म्हणजे मिटलेल्या डोळ्यावर धरलेली बारीक धार, आणि आश्च्योतन म्हणजे उघड्या डोळ्यात सोडलेले थेंब. वाग्भटाने अष्टांगहृदयात हे थेंब कापसाच्या वातीने, डोळ्यापासून दोन अंगुळे उंचीवरून, दहा ते बारा सोडावेत असे सांगितले आहे. डोळ्यात एवढे द्रव मावत नाही हे आता ठाऊक असल्यामुळे ही संख्या आजच्या वाचकाला अवाजवी वाटेल; तथापि आश्च्योतनाचा हेतू बहुतांशी धुण्याचा होता हे लक्षात घेतले तर ती संख्या सयुक्तिक ठरते.

पाचवा उपक्रम अंजनाचा, आणि औषधनिर्मितीच्या दृष्टीने तोच सर्वांत समृद्ध. अंजनाचे कार्यानुसार तीन प्रकार होते: साचलेला दोष खरवडून काढणारे लेखन, व्रण भरून आणणारे रोपण आणि दृष्टी निर्मळ करणारे प्रसादन. त्यांची रूपेही तीन असत. खलून वळलेली गोळी किंवा कांडी, म्हणजे गुटिका वा वर्ती. काढा आटवून केलेला घट्ट अर्क, म्हणजे रसक्रिया. आणि अतिसूक्ष्म चूर्ण. यांपैकी गुटिका सर्वांत तीव्र आणि चूर्ण सर्वांत सौम्य मानले जाई. अंजन लावण्याच्या शलाकेचे, म्हणजे सळईचे, वर्णनही एखाद्या कारागिराने लिहावे इतके नेमके आहे: लांबी आठ अंगुळे, मध्यभागी बारीक, हातात नीट धरता येईल अशी, आणि दोन्ही टोके कळीच्या आकाराची व वाटाण्याएवढी गोल. टोक गुळगुळीत आणि गोल असण्यामागचे कारण उघड आहे. अंजन कितीही सूक्ष्म केले आणि सळई टोकदार राहिली, तर सगळे श्रम वाया जाणार.

सूक्ष्मता साधण्यासाठी किती खटाटोप केला जाई हे राजांसाठी सांगितलेल्या एका चूर्णांजनावरून दिसते. आठ भाग स्रोतोञ्जन (काळसर चकाकणारे खनिज) घेऊन त्यात तांबे, सोने व रुपे यांचा एकेक भाग मिसळावा, असे अकरा भाग मुशीत घालून तापवावेत आणि तो तप्त गोळा शेणाचा रस, गोमूत्र, दही, तूप, मध अशा द्रवांत पुनःपुन्हा विझवावा, मग पुरचुंडी बांधून सात रात्री पावसाच्या पाण्यात ठेवावा, वाळवावा, आणि मोती, स्फटिक व पोवळे यांच्या चूर्णासह खलावा, अशी ही कृती आहे. सोन्यामोत्यांची यादी राजवैभवाला साजेशी असली, तरी तिच्यामागच्या दोन पायऱ्या निव्वळ कारागिरीच्या आहेत. तापवून एकाएकी थंड केलेले खनिज ठिसूळ होते आणि त्यामुळे ते खलात अधिक बारीक होते. आणि पावसाचे पाणी हे त्या काळी सहज मिळू शकणारे सर्वांत निःक्षार पाणी होते, कारण विहिरीच्या वा नदीच्या पाण्यात विरघळलेले क्षार त्यात नसतात. ऊर्ध्वपातनाने शुद्ध केलेले पाणी आजच्या कारखान्यात जे काम करते, तेच काम येथे आकाशातून पडलेल्या पाण्याकडून करून घेतलेले दिसते.

हेच पाणी एका अधिक प्रसिद्ध योगातही येते. वृंदाच्या सिद्धयोगात आणि पुढे अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताच्या ग्रंथात नागार्जुनाच्या नावाची एक वर्ती दिलेली असून, तिची कृती पाटलिपुत्र येथील स्तंभावर लिहिलेली होती असे तेथे म्हटले आहे. हिरडा, बेहडा व आवळा. सुंठ, मिरी व पिंपळी. आणि त्यांच्या जोडीला सैंधव, ज्येष्ठमध, मोरचूद, रसांजन, प्रपौंडरीक, वावडिंग, लोध्र व तांबे, अशी चौदा द्रव्ये पावसाच्या पाण्यात खलून ती वळायची. स्तंभ खरोखर होता की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला तरी, औषधाची कृती चव्हाट्यावर कोरून ठेवण्याजोगी सार्वजनिक मालमत्ता आहे ही कल्पना त्या काळच्या वैद्यांना अपरिचित नव्हती, एवढे या उल्लेखावरून निश्चित म्हणता येते. शंखनाभी, मनःशिला, बेहड्याची मगज इत्यादी आठ द्रव्ये शेळीच्या दुधात खलून केलेली चंद्रोदया वर्तीही अशीच दीर्घकाळ प्रचारात राहिली. या वर्ती कोरड्या साठवीत आणि वापरताना पाणी, मध किंवा दूध घेऊन दगडावर उगाळीत. महाराष्ट्रातील घरांत बाळगुटी सहाणेवर उगाळतात त्याहून ही रीत वेगळी नाही. कोरड्या कांडीत पाणी नसल्यामुळे ती कुजत नाही, प्रवासात सांडत नाही, आणि प्रत्येक वेळी ताजे औषध मिळते. हा गुण पुढे दोन हजार वर्षांनी पुन्हा शोधावा लागला, हे यथावकाश येईलच.

रसांजनाची कथा त्याहून दूरवर जाते. दारूहळदीच्या मुळांचा व खोडाचा काढा करून, त्यात तेवढेच दूध घालून तो घट्ट होईपर्यंत आटवला की पिवळट तपकिरी रंगाचा, कडू, पाण्यात सहज विरघळणारा गोळा मिळतो. तोच रसांजन किंवा बाजारातील रसवंती. चरकाने सौवीरांजन नित्य लावावे आणि पाणी गळून डोळा हलका व्हावा म्हणून पाचव्या किंवा आठव्या रात्री रसांजन घालावे असे सांगितले आहे. ज्या झुडपांपासून ते होते ती मुख्यतः हिमालयाच्या उतारांवर वाढतात, त्यामुळे हा तयार माल दूरच्या बाजारांत जाण्याची परंपराही जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकानयनग्रंथात सिंधूच्या मुखाजवळील बार्बारिकोन आणि नर्मदेच्या मुखाजवळील भरुच या बंदरांतून निर्यात होणाऱ्या मालात लायकियॉन नावाचे द्रव्य येते, आणि त्याच काळातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीज भारतीय लायकियॉन हेच सर्वांत चांगले मानतो. ते ठेवण्याच्या बोटभर उंचीच्या, वर नाव उमटवलेल्या कुप्या दक्षिण इटली व सिसिलीतील ग्रीक वसाहतींत सापडल्या आहेत. लायकियॉन म्हणजे नेमके काय, हा युरोपीय विद्वानांचा जुना वाद १८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन फोर्ब्स रॉइल यांनी सोडवला. उत्तर भारतातील बाजारात मिळणारे रसवत आणि प्राचीनांचे भारतीय लायकियॉन ही एकच वस्तू असल्याचे त्यांनी दाखवून दिले. दारूहळदीतील बर्बेरिन हे पिवळे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतील नायट्रोजनयुक्त तीव्र गुणाचे द्रव्य, जंतूंना रोखते हे पुढे प्रयोगांनी सिद्ध झाले, आणि विसाव्या शतकात भारतातील नेत्रतज्ज्ञांनी खुपऱ्यांच्या रोग्यांवर त्याचे थेंबही तपासून पाहिले.

रोमन जगातही कोरड्या कांडीचेच राज्य होते. तेथील नेत्रवैद्य ओल्या कांडीवर दगडी शिक्का उठवीत, ज्यावर वैद्याचे नाव, औषधाचे नाव आणि रोग कोरलेला असे. गॉल, ब्रिटन आणि जर्मनीत असे शेकडो शिक्के मिळाले आहेत. इटलीच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील एका जहाजावर धातूच्या डबीत सुमारे चार सेंटिमीटर व्यासाच्या करड्या चकत्या सापडल्या, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पृथक्करणात त्या प्रामुख्याने जस्ताच्या कार्बोनेटच्या, राळ, पिष्ट व स्निग्ध पदार्थ मिसळून केलेल्या असल्याचे दिसून आले. त्या नेत्रौषधाच्या असाव्यात असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. जस्ताच्या संयुगांवरील हा विश्वास भारतातही होता, येथील खापराचे, म्हणजे जस्तयुक्त खनिजाचे, अंजन त्याचाच पुरावा, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जस्ताच्या सल्फेटचे थेंब दवाखान्यांतून सर्रास दिले जात.

काजळ आणि सुरमा यांची गणना औषधात करावी की प्रसाधनात, हा भेद आजचा आहे. घरगुती काजळासाठी तुपाचा किंवा एरंडेलाचा दिवा लावून त्यावर तांब्याचे वा पितळेचे भांडे पालथे धरतात, त्यावर धरलेली काजळी खरवडतात आणि तुपात कालवून डबीत भरतात. या कृतीचा चाणाक्षपणा असा की, काजळीचे कण ज्वालेत तयार होतानाच एका मायक्रॉनहून लहान असतात, त्यामुळे खलण्याचे श्रम वाचतात. सुरम्याचे तसे नाही. तो खनिजाचा असल्याने गुलाबपाण्यात दिवसचे दिवस खलावा लागतो, आणि जुन्या ग्रंथांत त्याला अँटिमनी म्हटले असले तरी बाजारातील सुरमा तपासला असता तो पुष्कळदा गॅलेना, म्हणजे शिशाचे सल्फाइड, निघालेला आहे. येथे कृतीची मर्यादा स्पष्ट होते. खलून खलून कण टोचेनासा होतो, पण शिसे शिसेच राहते, आणि ते अश्रुमार्गाने घशात उतरून व बोटांना लागून पोटात जाते. लहान मुलांच्या बाबतीत तर त्याचे समर्थन कोणत्याही परंपरेच्या नावाने करता येत नाही.

मराठी प्रदेशाशी या परंपरेचा संबंध ग्रंथांच्या बाजूने अधिक घट्ट आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली, आणि १८८० मध्ये डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी त्याच ग्रंथाची छापील आवृत्ती मुंबईत सिद्ध केली. तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी तर धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय उपचारांची सांगड घातली. तेथील नेत्ररोग्यांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत.

युरोपात एकोणिसाव्या शतकात जो पालट झाला तो मुळात संहततेचा, म्हणजे औषधाच्या नेमक्या तीव्रतेचा, होता. बेलाडोनाच्या अर्काने बाहुली रुंदावते हे शतकाच्या आरंभीच ठाऊक झाले होते, पण १८३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यातील ॲट्रोपिन शुद्ध स्वरूपात वेगळे करता आले आणि पानामुळांचा अर्क गुंजा-मासांच्या अदमासाने देण्याऐवजी पांढरे स्फटिक ताजव्यात तोलून देणे शक्य झाले. पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबार घेवड्याच्या अर्काने बाहुली आकुंचते हे १८६३ मध्ये आर्गिल रॉबर्टसन यांनी दाखवले आणि १८७६ मध्ये लुडविग लाकर यांनी काचबिंदूवर, म्हणजे डोळ्यातील दाब वाढून दृष्टिचेता निकामी करणाऱ्या रोगावर, त्यातील फायसोस्टिग्मिनचा उपयोग केला. १८७५ मध्ये पिलोकार्पिन वेगळे झाले आणि १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे सिद्ध केल्यावर नेत्रशस्त्रक्रियेचा चेहराच बदलला. या द्रव्यांनी औषध करणाऱ्यापुढे नवे प्रश्न टाकले. फायसोस्टिग्मिनचे द्रावण उजेडात व हवेत लाल पडते आणि निकामी होते. कोकेनचे द्रावण फार उकळले तर विघटन पावते, आणि न उकळता ठेवले तर त्यावर बुरशी धरते.

कणांच्या आकाराचा जुना प्रश्नही मिटला नव्हता. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण पाऱ्याच्या ऑक्साइडचे आहे. तांबडे आणि पिवळे अशी त्याची दोन रूपे औषधालयात असत. रासायनिकदृष्ट्या दोन्ही एकच, पण तांबडे हे पाऱ्याचे नायट्रेट तापवून केल्यामुळे कणीदार असते, तर पिवळे हे पाऱ्याच्या क्लोराइडच्या द्रावणात दाहक क्षार घालून साक्यासारखे खाली बसवल्यामुळे अत्यंत मुलायम असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन नेत्रवैद्य पागेनश्टेखर यांनी पापण्यांच्या रोगांसाठी पिवळ्याचे मलम रूढ केले, आणि द्रव्य न बदलता केवळ कृती बदलून औषध सुसह्य झाले. खलाने जे साधत नव्हते ते अवक्षेपणाने, म्हणजे द्रावणातून घनरूप खाली पाडण्याने, साधले.

मुंबईत १८६० च्या दशकात भायखळ्याला सर कावसजी जहांगीर यांच्या नावाचे नेत्ररुग्णालय उभे राहिले, आणि अशा रुग्णालयांतून ब्रिटिश औषधसंहितेप्रमाणे थेंब बनवणारा कंपाउंडर हा नवा कारागीर या देशात स्थिरावला. एका औंसाला चार ग्रेन, म्हणजे जवळजवळ १ टक्का, ॲट्रोपिन तोलणे, ते ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवणे, गाळणकागदातून गाळणे आणि तपकिरी बाटलीत भरणे हे त्याचे नित्यकर्म. खुपऱ्यांच्या रोग्याची पापणी उलटून तिच्यावर मोरचुदाचा घासून गुळगुळीत केलेला खडा फिरवीत. मोरचूद नागार्जुनाच्या वर्तीतही होतेच. त्या खड्याची यातना प्रतिजैविकांच्या मलमांनी संपवली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतात खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरलेली नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले.

सूक्ष्मता बोटांना कळते, गढूळपणा डोळ्यांना दिसतो. जंतू मात्र कोणत्याही इंद्रियाला जाणवत नाहीत, आणि येथे कारागिराचा अनुभव प्रथमच अपुरा पडला. जंतू शिरलेल्या थेंबांत सर्वांत घातक ठरले ते फ्लुओरेसीन. हा नारिंगी रंग डोळ्यात घातला की ओरखडा हिरवा चमकून उठतो, म्हणून जखमी डोळ्यातच तो हमखास घातला जाई. पण त्याच्या द्रावणात स्युडोमोनास नावाचा जंतू उत्तम वाढतो, आणि हा जंतू स्वच्छमंडल एक-दोन दिवसांत विरघळवून टाकू शकतो. निदानासाठी घातलेला थेंबच अशा रीतीने डोळा घालवीत असे. १९५१ मध्ये नेत्रतज्ज्ञ किमुरा यांनी यावर साधा उपाय सुचवला: रंग गाळणकागदाच्या पट्टीत मुरवायचा, पट्टी वाळवून निर्जंतुक करायची आणि ऐन वेळी ओली करून पापणीला टेकवायची. त्याआधी ब्रिटिश औषधसंहितेतील जिलेटिनच्या इवल्या चकत्यांमागेही हाच विचार होता. पाणी नाही तेथे कुजणे नाही, हा वर्तीचा धडा असा प्रयोगशाळेच्या वाटेने परत आला.

अमेरिकेत १९५३ मध्ये निर्जंतुक नसलेले नेत्रद्राव भेसळयुक्त मानले जातील असे ठरले आणि हळूहळू सर्वच देशांच्या संहितांनी हा दंडक स्वीकारला. आता द्रावण १२१ अंश सेल्सिअसच्या, दाबाखालील वाफेत पंधरा मिनिटे ठेवतात किंवा, उष्णतेने बिघडणारे असल्यास, ०.२२ मायक्रॉन छिद्रांच्या पटलातून गाळतात. अश्रूंशी जुळावे म्हणून मिठाचे प्रमाण ०.९ टक्क्याच्या आसपास राखतात; आणि उघडलेल्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखे परिरक्षक घालतात, जे स्वतःच दीर्घ वापराने डोळ्याच्या पृष्ठभागाला इजा करते. न विरघळणाऱ्या औषधाच्या कणांसाठीही मर्यादा आहेत: ब्रिटिश संहितेनुसार तपासलेल्या नमुन्यात २५ मायक्रॉनपेक्षा मोठे कण मोजकेच चालतात आणि ९० पेक्षा मोठा एकही चालत नाही. नियम असूनही हयगय झाली की काय होते ते २०२३ मध्ये दिसले. चेन्नईजवळच्या एका कारखान्यात बनलेल्या, परिरक्षक नसलेल्या कृत्रिम अश्रूंशी जोडल्या गेलेल्या स्युडोमोनासच्या साथीत अमेरिकेच्या १८ राज्यांत ८१ जणांना संसर्ग झाला, चौदा जणांची दृष्टी गेली आणि चौघांचा मृत्यू झाला.

कारखान्यांनी कंपाउंडरला निवृत्त केले असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. स्वच्छमंडलाच्या गंभीर व्रणावर लागणारे तीव्र थेंब पुष्कळदा तयार मिळत नाहीत, म्हणून नेत्ररुग्णालयातच, शक्य तेथे निर्जंतुक हवेच्या झोताखाली, ते इंजेक्शनच्या कुप्यांपासून केले जातात. जेंटामायसिनच्या पाच मिलिलिटरच्या बाटलीत मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम औषध असते. तिच्यात ४० मिलिग्रॅम तीव्रतेचे दोन मिलिलिटर इंजेक्शन मिसळले की तीव्रता १४ मिलिग्रॅमच्या जवळ जाते. सेफाझोलिनची ५०० मिलिग्रॅमची भुकटी दहा मिलिलिटरमध्ये विरघळवून ५ टक्क्यांचे थेंब होतात, आणि अतिशय कोरड्या पडलेल्या डोळ्यासाठी रोग्याच्याच रक्तातील रक्तद्रव वेगळा काढून, बहुधा २० टक्क्यांपर्यंत पातळ करून थेंबांसारखा वापरतात. शेतकाम करताना पात्याचा किंवा काडीचा मार लागून होणाऱ्या बुरशीजन्य व्रणावरचे ॲम्फोटेरिसिन हे यांपैकी सर्वांत हट्टी: पन्नास मिलिग्रॅमची कुपी सुमारे तेहतीस मिलिलिटरमध्ये पातळ केली की ०.१५ टक्क्यांचे थेंब मिळतात, पण इतर औषधांना चालणारे मिठाचे पाणी येथे घातले तर औषध साखळून तळाशी बसते, म्हणून ते निर्जंतुक शुद्ध पाण्यातच करावे लागते आणि उजेडापासून झाकून शीतपेटीत ठेवावे लागते.